कॅमेरा कुणाचा, प्रश्न कुणाचा?

रविवारी सर्वोच्च न्यायालय बसत नाही. नागरिकाच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न सोमवारपर्यंतही थांबू शकत नसेल, तरच सुटीच्या दिवशी खंडपीठ सुनावणीला तयार होते. करोनाच्या पहिल्या लाटेत, १४ जून २०२० रोजी, असा एक रविवार उजाडला. न्या. उदय ललित, न्या. मोहन शांतनगौदर आणि न्या. विनीत सरन यांच्यापुढे दूरदृश्य प्रणालीद्वारे जो अर्ज सुनावणीस आला, तो ६६ वर्षांच्या एका दूरचित्रवाणी समालोचकाचा होता. हिमाचल प्रदेशातील शिमला जिल्ह्यात कुमारसैन नावाचे पोलीस ठाणे आहे. तेथे एका स्थानिक भाजप नेत्याच्या तक्रारीवरून ६ मे रोजी त्याच्याविरुद्ध राजद्रोहाचा गुन्हा नोंदविण्यात आला होता. १२ जूनला तेथील पोलीस त्याच्या दिल्लीतील घरी पोहोचले आणि दुसऱ्याच दिवशी ठाण्यात हजर राहण्याची नोटीस त्यांनी त्याच्या हाती ठेवली. टाळेबंदीच्या निर्बंधांतून देश तेव्हा जेमतेम बाहेर पडत होता.

हा समालोचक म्हणजे विनोद दुआ. खंडपीठाने त्या रविवारी तपासाला स्थगिती दिली नाही. अटकेला मात्र मनाई केली. चौकशी करायचीच असेल तर २४ तासांची पूर्वसूचना देऊन त्यांच्या घरी करावी, असे सांगितले. गुन्ह्याचे कारण काय, तर ३० मार्च २०२० रोजी यूट्यूबवर प्रसारित झालेला एक भाग. पंतप्रधानांनी मतांसाठी मृत्यूंचा आणि दहशतवादी हल्ल्यांचा उपयोग केला, असे दुआ त्यात म्हणाल्याचा तक्रारदाराचा दावा होता. टाळेबंदीच्या हाताळणीवरील त्यांची टीकाही तक्रारीत गोवली गेली होती.

या घटनेच्या ३५ वर्षे आधी, म्हणजे १९८५ मध्ये, हेच विनोद दुआ दूरदर्शनवर केंद्रीय मंत्र्यांना सामान्य नागरिकांसमोर बसवीत होते. तेव्हा देशात दूरचित्रवाणी म्हणजे फक्त दूरदर्शन. ते पूर्णपणे सरकारचे, आणि सरकारही चारशेहून अधिक खासदारांच्या पाठबळाचे. अशा सरकारच्या मालकीच्या पडद्यावर मंत्र्याला प्रश्न विचारता येत होता. नंतरच्या काळात शेकडो वाहिन्या आल्या. तरीही प्रश्न विचारण्यासाठी त्याच माणसाला अखेर खोलीतल्या एका कॅमेऱ्याचा आसरा घ्यावा लागला आणि त्यासाठीही सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. हा प्रवास एका व्यक्तीच्या कारकिर्दीपुरता मर्यादित नाही. आपल्याकडे राजकीय समालोचकाचे स्वातंत्र्य नेमके कशावर उभे आहे, याचा हिशेब त्यातून मांडता येतो.

निर्वासितांच्या वसाहतीतून

दुआ यांचे कुटुंब वायव्य सरहद्द प्रांतातील डेरा इस्माईल खान येथील. फाळणीनंतर ते दिल्लीत आले. ११ मार्च १९५४ रोजी जन्मलेला हा मुलगा निर्वासितांच्या वसाहतींत वाढला. हंसराज महाविद्यालयातून त्याने इंग्रजी साहित्याची पदवी घेतली. महाविद्यालयीन काळात वादविवाद, नाटक आणि गाणे यांतच त्याचे मन अधिक रमे. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर तो प्रथम दिसला नोव्हेंबर १९७४ मध्ये, 'युवा मंच' या तरुणांच्या कार्यक्रमात. दूरचित्रवाणी तेव्हा आकाशवाणीचाच एक विभाग होती. 'दूरदर्शन' ही स्वतंत्र संस्था झाली ती १९७६ मध्ये.

१९७५ साली अमेरिकेच्या उपग्रहाच्या साह्याने सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा 'साइट' हा प्रयोग भारताने केला. या प्रयोगात रायपूर, मुझफ्फरपूर आणि जयपूर भागांतील तरुणांसाठी जो कार्यक्रम होई, त्यात दुआ होते. इंग्रजी साहित्याच्या या पदवीधराला खेड्यातील श्रोत्याशी बोलावे लागले, आणि त्यांची भाषा याच शाळेत घडली. दिल्लीतील पंजाबी निर्वासितांची हिंदुस्थानी, तिच्यात उर्दूची लय आणि पुस्तकी संस्कृतप्रचुरतेचा पूर्ण अभाव, असा तिचा पोत होता. आकाशवाणीच्या शासकीय हिंदीला सरावलेल्या श्रोत्याला ही भाषा घरातली वाटली. पुढे अमृतसर केंद्रासाठी केलेल्या 'जवान तरंग'मधून आणि १९८१ पासून सुटीच्या सकाळी प्रसारित होणाऱ्या 'आप के लिए'मधून तिला देशभर ओळख मिळाली.

मतमोजणीची भाषा

त्यांचे नाव खऱ्या अर्थाने घरोघरी पोहोचले ते निवडणूक विश्लेषणामुळे. इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतर डिसेंबर १९८४ मध्ये लोकसभेची निवडणूक झाली. मतपत्रिका हाताने मोजल्या जात. निकाल यायला दोन-तीन दिवस लागत. दूरदर्शन त्या काळात अखंड प्रक्षेपण करी. निकालांच्या अधूनमधून चित्रपट दाखविले जात आणि पडद्यावर इंग्रजीतून प्रणय रॉय व हिंदीतून विनोद दुआ अशी जोडी बसलेली असे. रॉय हे अर्थशास्त्राचे अभ्यासक. डेव्हिड बटलर आणि अशोक लाहिरी यांच्यासमवेत त्यांनी भारतीय निवडणुकांच्या आकड्यांचा अभ्यास केला होता. विरोधी पक्षांची मते किती विखुरली आहेत हे मोजणारा 'विरोधी ऐक्याचा निर्देशांक' आणि मतांचा झुकाव या कल्पना त्यांनी पडद्यावर आणल्या.

रॉय इंग्रजीत जे मांडत, ते दुआ तत्क्षणी हिंदीतून सांगत. निव्वळ भाषांतर म्हणून या कामाची बोळवण करणे अन्यायाचे होईल. दोन-तीन टक्के मते इकडून तिकडे गेली की शेकडो जागांचे पारडे कसे फिरते, हे कोष्टक न दाखवता सांगण्याची कला त्यात होती. राज्यशास्त्राच्या वर्गात जे समजायला सत्र लागते, ते स्वयंपाकघरातल्या आणि पानाच्या टपरीवरच्या प्रेक्षकाला दोन वाक्यांत कळू लागले. १९८९ च्या निवडणुकीत, एका पंतप्रधानाचे बहुमत प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत विरघळत असताना, याच जोडीने ती घडामोड देशाला उलगडून सांगितली. भारतीय मतदाराला निवडणुकीचे गणित शिकविण्याचे श्रेय या दोघांना द्यावेच लागेल.

'जनवाणी'चा प्रयोग

या दोन निवडणुकांच्या दरम्यानचा कार्यक्रम 'जनवाणी'. १९८५ मध्ये तो सुरू झाला तेव्हा राजीव गांधी यांचे सरकार नवे होते. पुण्याचे खासदार विठ्ठलराव गाडगीळ हे माहिती व नभोवाणी खात्याचे राज्यमंत्री होते. कार्यक्रमाची रचना साधी होती. एक मंत्री बसायचा, समोर सामान्य नागरिक आणि मध्ये दुआ. नागरिकांनी प्रश्न विचारायचे, मंत्र्याने उत्तर द्यायचे आणि उत्तर निसटते असेल तर दुआ यांनी त्याला पुन्हा मूळ प्रश्नावर आणायचे.

संसदेचे वार्तांकन करणाऱ्याला या रचनेचे महत्त्व चटकन उमगते. लोकसभेत तारांकित प्रश्नाची सूचना खासदाराला बरेच दिवस आधी द्यावी लागते. उत्तर मंत्रालयातील अधिकारी लिहून देतात. मंत्री ते सभागृहात सादर करतो. मंत्र्याची खरी कसोटी लागते ती पुरवणी प्रश्नांत. त्या वेळी अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून येणाऱ्या चिठ्ठ्यांनीही काम भागत नाही आणि मंत्र्याला आपले खाते कितपत ठाऊक आहे ते उघडे पडते. 'जनवाणी' हा जणू सगळाच पुरवणी प्रश्नांचा तास होता. फरक इतकाच की प्रश्नकर्ते निवडून आलेले नव्हते, निवडून देणारे होते. शिवाय हे सारे अशा काळात, जेव्हा संसदेतील प्रश्नोत्तरांचे थेट प्रक्षेपण सुरू झाले नव्हते आणि मंत्री पडद्यावर दिसे तो मुख्यतः फीत कापताना.

तथापि या प्रयोगाचा पाया किती कच्चा होता, हेही नोंदविले पाहिजे. तो कोणत्याही कायद्याने दिलेला अधिकार नव्हता. नव्या पंतप्रधानांना खुलेपणा हवासा वाटत होता, म्हणून तो होता. सरकारच्या वाहिनीवर सरकारला प्रश्न विचारण्याची ती सरकारनेच दिलेली मुभा होती आणि मुभा देणाऱ्याला ती काढून घेण्याचाही अधिकार असतो. दुआ यांच्या पुढील वाटचालीत कॅमेऱ्याचे मालक बदलले. मुभेचे हे स्वरूप बदलले नाही.

ध्वनिलहरी जनतेच्या, पण...

१९८७ मध्ये दुआ 'टीव्ही टुडे'त मुख्य निर्माते म्हणून गेले आणि वर्षभरातच त्यांनी स्वतःची निर्मितीसंस्था काढली. १९९२ ते १९९६ या काळात त्यांचे 'परख' हे साप्ताहिक वृत्तमासिक दूरदर्शनवर चालले. आज चाळिशीत असलेल्या आमच्या पिढीला राजकीय वार्तांकन म्हणजे काय याची पहिली ओळख झाली ती 'परख'मधून. बातमीचे दालन सोडून कॅमेरा गावात जातो, पीडिताला स्वतःच्या तोंडून बोलू देतो आणि मग निवेदक थोडक्यात आपले म्हणणे मांडतो, ही शैली तेव्हा नवी होती. बाबरी मशिदीचा विध्वंस, मुंबईतील दंगली आणि बॉम्बस्फोट, आर्थिक उदारीकरण अशा धगधगत्या वर्षांत हा कार्यक्रम चालू होता.

याच काळात कॅमेऱ्याच्या मालकीचा प्रश्न न्यायालयात गेला. १९९३ च्या हिरो चषक क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि माहिती व नभोवाणी मंत्रालय यांच्यात वाद झाला. त्यावर फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तो लिहिणाऱ्यांत न्या. पी. बी. सावंत हे मराठी न्यायमूर्ती प्रमुख होते. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी असता कामा नये आणि मूठभर खासगी मालकांचीही असता कामा नये. प्रेक्षकाचा माहितीचा अधिकार सर्वांत वरचा. आणि प्रसारणाचे नियमन स्वतंत्र सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावे, असे या निकालाचे सार होते.

या निकालाचा अर्धा भाग देशाने मनापासून स्वीकारला. सरकारी मक्तेदारी गेली. उरलेला अर्धा भाग संसदेच्या दारात अडकला. १९९७ चे प्रसारण विधेयक संयुक्त समितीकडे गेले आणि लोकसभा विसर्जित होताच व्यपगत झाले. २००१ मध्ये मांडलेल्या दळणवळण अभिसरण विधेयकाचीही २००४ मध्ये तीच गत झाली. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा. तो अमलात यायला १९९७ उजाडले आणि त्यानंतरही संस्थेच्या आर्थिक नाड्या सरकारच्याच हाती राहिल्या. परिणामी, स्वतंत्र नियामक अस्तित्वात येण्यापूर्वीच खासगी वृत्तवाहिन्यांचे अरण्य माजले. त्यांना जाहिरातदार हवे होते, त्यांत सरकार हाही एक मोठा जाहिरातदार. प्रेक्षकसंख्येचे साप्ताहिक आकडे संपादकाच्या डोक्यावर टांगले गेले.

बातमीतून ढाब्याकडे

दुआ या नव्या बाजारपेठेत फिरत राहिले. 'झी'साठी 'चक्रव्यूह', १९९८ च्या निवडणुकीत 'सोनी'वर 'चुनाव चुनौती', २००० पासून 'सहारा'वर 'प्रतिदिन', आणि मग जुने सहकारी प्रणय रॉय यांची हिंदी वाहिनी 'एनडीटीव्ही इंडिया', असा हा क्रम. २००८ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली. परंतु नव्या शतकातील प्रेक्षकांच्या एका मोठ्या वर्गाला ते आठवतात ते 'जायका इंडिया का'मुळे. महामार्गावरच्या ढाब्यावर, जुन्या शहरांच्या गल्लीबोळांत, कढईच्या शेजारी उभे राहून ते खात आणि खाता खाता त्या गावाचा इतिहास सांगत.

राजकीय समालोचक खाद्ययात्रेकडे वळला, याचे अनेकांना नवल वाटले. ते खाण्याचे आणि गाण्याचे दर्दी होते हे खरेच. पण वृत्तवाहिन्यांच्या स्वरूपात तोवर जो बदल झाला होता, त्याचाही त्यात वाटा असावा असे वाटल्यावाचून राहत नाही. रात्री नऊच्या सुमारास पडद्याचे आठ चौकोन करून आठ प्रवक्त्यांना एकाच वेळी बोलू देणे, हा वाहिन्यांचा मुख्य उद्योग बनला होता. अशी चर्चा स्वस्त पडते. वार्ताहर गावी पाठवावा लागत नाही. तिच्यात निवेदकाला पंच व्हावे लागते किंवा फिर्यादी वकील. एका माणसाने खुर्चीत बसून, आवाज न चढवता, एक मुद्दा दहा मिनिटे सुसूत्रपणे मांडावा, याला त्या पडद्यावर जागा उरली नव्हती. समालोचकाला कुणी काढून टाकले नाही. समालोचन ही वस्तूच दुकानातून नाहीशी झाली.

खोलीतला कॅमेरा

ती वस्तू पुन्हा दिसली इंटरनेटवर. 'द वायर' या संकेतस्थळासाठी दुआ यांनी 'जन गण मन की बात' सुरू केले. पंतप्रधानांच्या 'मन की बात' या ऑक्टोबर २०१४ पासूनच्या आकाशवाणी कार्यक्रमावरील श्लेष उघड होता. एक मेज, एक माणूस आणि जवळपास दहा मिनिटे, एवढाच सारा थाट. नोटाबंदी, वस्तू व सेवा कर, झुंडबळी, संस्थांची स्वायत्तता हे विषय. १९७४ साली सरकारी कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला तरुण आता साठी उलटून मोबाइलच्या पडद्यावर आला होता आणि त्याचा प्रेक्षक त्याच्या नातवंडांच्या वयाचा होता. जून २०१७ मध्ये मुंबई प्रेस क्लबने त्यांना जीवनगौरवाचा 'रेडइंक' पुरस्कार दिला. तो प्रदान केला तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी. टीकाकाराचा सन्मान सत्ताधारी पक्षाच्या मुख्यमंत्र्याच्या हस्ते व्हावा, हा त्या व्यासपीठावरचा प्रसंग सुसंस्कृत राजकारणाला शोभणारा होता. तीन वर्षांनी त्याच पक्षाच्या एका स्थानिक नेत्याने त्यांच्यावर राजद्रोहाची तक्रार केली.

दरम्यान आणखी एक घटना घडली होती आणि ती वगळून दुआ यांचे मूल्यमापन करणे अप्रामाणिक ठरेल. ऑक्टोबर २०१८ मध्ये, 'मी टू' चळवळीच्या काळात, एका महिला चित्रपट दिग्दर्शिकेने १९८९ मधील लैंगिक गैरवर्तनाचा आरोप त्यांच्यावर केला. दुआ यांनी तो नाकारला. संकेतस्थळाने बाहेरच्या सदस्यांची समिती नेमली आणि कार्यक्रम थांबविला. आरोपाची शहानिशा होऊन कोणताही निष्कर्ष जाहीर झाला नाही. इतरांना उत्तरदायी धरणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्या नावापुढे एक अनुत्तरित प्रश्न कायमचा राहिला. त्यांच्या चाहत्यांनी हा प्रश्न सत्ताविरोधाच्या आड दडविणे जितके गैर, तितकेच त्यांच्या विरोधकांनी त्याचा वापर राजद्रोहाच्या कारवाईचे समर्थन म्हणून करणे गैर. दोन्ही बाबींचा न्याय वेगवेगळ्या तराजूतच व्हायला हवा.

'द वायर'नंतर 'एचडब्ल्यू न्यूज'साठी त्यांनी 'द विनोद दुआ शो' केला. ३० मार्च २०२० चा तो भाग याच मालिकेतला.

निकाल आणि त्याची मर्यादा

मराठी वाचकाला भारतीय दंड संहितेच्या १२४-अ कलमाची ओळख करून देण्याची गरज नाही. १८७० मध्ये घातलेल्या या कलमाखाली लोकमान्य टिळकांना १८९७ मध्ये दीड वर्षाची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. दोन्ही वेळा आरोप 'केसरी'तील लेखनाबद्दल होता. स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरविले, पण त्याला वेसण घातली. हिंसाचाराला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी नसेल, तर सरकारवरील कितीही कठोर टीका राजद्रोह होत नाही, असे त्या निकालाने सांगितले. तरीही ही वेसण पोलीस ठाण्यापर्यंत क्वचितच पोहोचली.

३ जून २०२१ रोजी न्या. ललित व न्या. सरन यांच्या खंडपीठाने ११७ पानांचे निकालपत्र देऊन कुमारसैनचा गुन्हा रद्द केला. सरकारी उपाययोजनांबद्दल नापसंती व्यक्त करणे, परिस्थितीवर लवकर तोडगा निघावा म्हणून टीका करणे, हे समालोचकाचे कामच आहे, आणि प्रत्येक पत्रकाराला केदारनाथ निकालाचे संरक्षण आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. वृत्तपत्रांनी या निकालाचे मथळे केले ते योग्यच होते.

मथळ्यांत न आलेला भाग मात्र तितकाच महत्त्वाचा आहे. दहा वर्षांहून अधिक अनुभव असलेल्या पत्रकाराविरुद्ध गुन्हा नोंदविण्यापूर्वी एका समितीने तक्रारीची छाननी करावी, अशी दुआ यांची दुसरी मागणी होती. डॉक्टरांवर निष्काळजीपणाचा फौजदारी ठपका ठेवण्यापूर्वी तज्ज्ञाचे मत घ्यावे, असे २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात म्हटले आहे. त्या धर्तीवरची ही मागणी. न्यायालयाने ती फेटाळली. असे करणे म्हणजे कायदेमंडळाच्या अधिकारक्षेत्रात शिरणे होईल, हे त्यामागचे कारण. ते चुकीचे म्हणता येणार नाही. पण त्याचा व्यावहारिक अर्थ असा की गुन्हा नोंदविणे पूर्वीइतकेच सोपे राहिले आणि तो रद्द करून घेणे पूर्वीइतकेच महाग. नामांकित वकील उभे करून रविवारी सर्वोच्च न्यायालय गाठणे विनोद दुआ यांना शक्य झाले. गडचिरोलीतल्या, बस्तरमधल्या किंवा बुंदेलखंडातल्या स्थानिक यूट्यूब वार्ताहराला तालुक्याच्या न्यायालयात जामिनासाठी किती खेटे घालावे लागतील, हा प्रश्न निकालपत्राच्या बाहेरच राहिला.

वैयक्तिक पातळीवर तर हा विजय दुआ यांना लाभलाच नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत पती-पत्नी दोघेही रुग्णालयात होते. निकालानंतर दहा दिवसांच्या आत पत्नी पद्मावती यांचे निधन झाले. त्या डॉक्टर होत्या, गात असत. पतीबरोबरच्या त्यांच्या मैफली दिल्लीच्या मित्रवर्तुळात प्रसिद्ध होत्या. करोनाने खचलेली दुआ यांची प्रकृती सावरली नाही. ४ डिसेंबर २०२१ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, ते गेले. लोधी मार्गावरील स्मशानभूमीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

संसदेकडे असलेला हिशेब

त्यानंतर बरेच काही बदलले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ कलमाची अंमलबजावणी थांबविली. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस प्रणय रॉय 'एनडीटीव्ही'च्या प्रवर्तक कंपनीच्या संचालक मंडळावरून पायउतार झाले आणि वाहिनी अदानी समूहाच्या ताब्यात गेली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात 'राजद्रोह' हा शब्द नाही. पण देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठीचे कलम १५२ आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक संदेशवहनाचा स्पष्ट उल्लेख असून शिक्षा जन्मठेपेपर्यंतची आहे. हा कायदा डिसेंबर २०२३ मध्ये संमत झाला तेव्हा दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झालेले होते. एवढ्या मोठ्या बदलावर जे प्रश्न विचारले जायला हवे होते, ते विचारणारे बरेचसे सभागृहाबाहेर होते. दुआ यांच्यावर खटला चालू असताना, सप्टेंबर २०२० च्या पावसाळी अधिवेशनात, प्रश्नोत्तराचा तासच रद्द करण्यात आला होता, हा योगायोगही विसरता येण्याजोगा नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये नव्या प्रसारण सेवा नियमन विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्याची पुढची आवृत्ती २०२४ मध्ये निवडक मंडळींना दाखविण्यात आली, तेव्हा समाजमाध्यमांवर वृत्तविषयक भाष्य करणाऱ्या व्यक्तीही तिच्या कक्षेत येतील, अशी भीती व्यक्त झाली. टीका वाढताच ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रालयाने पुन्हा सल्लामसलत करून नवा मसुदा काढण्याचे जाहीर केले. खोलीत कॅमेरा लावून बोलणाऱ्या एकट्या माणसालाही परवान्याच्या आणि नोंदणीच्या चौकटीत आणण्याचा विचार एकदा कागदावर आला की तो पुन्हा येतो, हा दिल्लीचा अनुभव आहे.

येथे एक घटनात्मक विसंगती ध्यानात घ्यावी लागेल. खासदार सभागृहात जे बोलतो त्याबद्दल राज्यघटनेच्या अनुच्छेद १०५ नुसार त्याच्यावर कोणत्याही न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही. त्याच्या भाषणाचे खरेखुरे वृत्त छापणाऱ्या आम्हा वार्ताहरांनाही संरक्षण आहे. फिरोज गांधी यांनी १९५६ मध्ये खासगी विधेयक आणून ते मिळवून दिले, आणीबाणीत ते काढून घेतले गेले, १९७७ मध्ये परत मिळाले आणि पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१-अ म्हणून घटनेत आले. म्हणजे टाळेबंदीबद्दल दुआ जे बोलले ते एखाद्या खासदाराने सभागृहात उच्चारले असते तर तो सुरक्षित होता, आणि ते छापणारा वार्ताहरही. तेच वाक्य नागरिकांच्या वतीने कॅमेऱ्यासमोर उच्चारणारा समालोचक मात्र कुमारसैनच्या ठाणेदाराच्या मर्जीवर होता.

फिरोज गांधी सत्ताधारी बाकांवर बसूनही हे विधेयक आणू शकले, कारण प्रश्न विचारण्याचा हक्क केवळ विरोधकांचा नसतो याची त्यांना जाण होती. प्रसारणाचा कायदा जेव्हा केव्हा सभागृहासमोर येईल, तेव्हा तक्रारीच्या पूर्वछाननीची तरतूद त्यात आहे का, आणि नियामक खरोखर स्वतंत्र आहे का, हे दोन पुरवणी प्रश्न कोणत्याही पक्षाच्या खासदाराने विचारायला हरकत नाही. न्या. सावंत यांनी १९९५ मध्ये आणि न्या. ललित यांनी २०२१ मध्ये हे काम कायदेमंडळावर सोपविले आहे. 'जनवाणी'त बसलेला नागरिक उत्तराची वाट पाहत आहे.